बाबांच्या आरएक्स १०० चे इंडिकेटर: दुरुस्तीच्या नोंदी

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

परवा विसर्जन झालं, काल दिवसभर गल्लीतला मांडव उतरत होता. आज संध्याकाळी गाडी जिन्याखालून बाहेर निघाली. लालबागमध्ये गणपतीचे दिवस म्हणजे दुचाकी आहे तिथेच उभी.

गाडी यामाहा आरएक्स १००, ९८ सीसी, टू-स्ट्रोक, नोव्हेंबर १९८९ ची, एमएच-०१ पासिंग. हे मॉडेल आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढंच निघालं. बाबा तेव्हा एमटीएनएलमध्ये केबल जॉइंटर होते आणि ही त्यांची पहिली आणि एकच गाडी. सगळे हिला व्हिंटेज म्हणतात, पण सरकारी नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांपुढची, त्यामुळे आमची अजून साधी जुनी गाडी. पहिली १५ वर्षं २००४ मध्ये संपली, मग दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. येत्या नोव्हेंबरमध्ये पाचवं.

तपासणीला चारही इंडिकेटर चालू हवेत, पण मी हे काम हातात घेतलं ते वेगळ्या कारणाने. गेल्या महिन्यात बाबा परळकडून येत होते. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला डावीकडे वळायचं होतं. त्यांनी इंडिकेटर दिला, तो मागे नीट दिसलाच नाही, आणि मागच्या टेम्पोने अगदी चाकाशी येऊन ब्रेक मारला. बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत. आईकडून मला दोन दिवसांनी कळलं. बाबा ६६ वर्षांचे आहेत आणि गाडी सोडणार नाहीत. मग गाडी तरी नीट बोलली पाहिजे.

आजची लक्षणं, इंजिन बंद, चावी चालू:

उजवा: भराभर लुकलुकतो, मिनिटाला १५० च्या आसपास. आंतरराष्ट्रीय नियम ६० ते १२० चा आहे.
डावा: लुकलुकत नाही. मंद पिवळा जळत राहतो.
ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर किंचित उजळतो. दिलेला नसतानाही.

हे तिसरं लक्षण मी दोनदा तपासलं, कारण त्यातच बरंच काही सांगितलेलं आहे. आई म्हणाली, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नकोस. हे नवीन नाही, जुनंच नीट करणं आहे, असं बाबांनीच तिला सांगितलं.

२२ सप्टेंबर, रविवार

बॅटरी आधी. १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-अवर, दीड वर्षं जुनी. मोकळी असताना १२.५ व्होल्ट, इंडिकेटर दिल्यावर ११.६. एवढ्याशा बॅटरीला हे ठीक आहे. हेडलाइट थेट मॅग्नेटोवर (इंजिनाने फिरणाऱ्या जनित्रावर) चालतो, बॅटरीवर फक्त हॉर्न, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर. म्हणजे बॅटरीवर शंका नाही.

चारही बल्ब काढले. तीन १० वॅटचे, उजवा मागचा चक्क २१ वॅटचा. दोन्हींची टोपी सारखीच, त्यामुळे होल्डरमध्ये बसतो आणि कुणाला कळत नाही. कधीतरी घाईत कुणीतरी बसवला असणार. त्या बाजूची नारिंगी काच आतून मऊ होऊन जराशी फुगलीय. फ्लॅशरच्या, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डब्यावर १० वॅट गुणिले २ अधिक ३.४ वॅट असं स्पष्ट छापलंय: दोन बल्ब आणि मीटरवरचा हिरवा दिवा. हिशेबाने १.९५ अँपिअर. २१ चा बल्ब घातला की तेच २.८७ होतं. दीडपट करंट त्या डब्यातून किती वर्षं गेला, देव जाणे. १० चा बल्ब घातला.

मग फ्लॅशर उघडला. ॲल्युमिनियमची डबी, तळाशी दुमडलेली कड पक्कडीने हळूहळू उचलली. आत एक कॉइल, एक कॉन्टॅक्टची जोडी आणि एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (थोडी वीज साठवून सोडणारा भाग). रचना सुंदर आहे. कपॅसिटर कॉइलमधून भरतो आणि रिकामा होतो, त्या वेळापुरतं कॉइल कॉन्टॅक्टला धरून ठेवते किंवा सोडते. ना आयसी, ना ट्रान्झिस्टर. कपॅसिटर जितका मोठा तितकी लुकलुक सावकाश. तो सुकला की लुकलुक भरभर.

कपॅसिटरवर १००० मायक्रोफॅरड छापलंय, मल्टिमीटरवर १४० आला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ओला द्राव असतो. रबरी बुडातून तो वर्षानुवर्षं उडत राहतो, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. सीटखाली, इंजिनाच्या वर, मुंबईच्या उन्हात ३५ वर्षं. त्याने पुष्कळ केलं.

बाबा बाजूला स्टूल टाकून बसले होते. डबी उघडल्यावर त्यांनी चष्मा काढून आत पाहिलं आणि म्हणाले, "एवढंच असतं होय यात?" ३५ वर्षं त्याची टिकटिक ऐकली, आत काय आहे ते पहिल्यांदाच पाहिलं त्यांनी.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसमधून सुटल्यावर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. मी हॉस्पिटलांची उपकरणं दुरुस्त करते, त्यामुळे त्या रस्त्यावर महिन्यातून दोनदा तरी जाणं होतंच. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचा कपॅसिटर घेतला. ८५ अंशांचा स्वस्त मिळतो, पण दोन-तीन रुपयांसाठी पुन्हा डबी उघडायची नाही. दुकानदाराने एलईडी बल्बही दाखवले, नारिंगी. एक जोडी करून बघायला घेतली. पांढरे घेऊ नयेत, नारिंगी काचेतून त्यांचा रंग फिका पडतो.

रात्री जेवणानंतर कपॅसिटर झाळला. उजवा: मिनिटाला ८२. अगदी जुना ताल.

डावा: तसाच. मंद, न लुकलुकता.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बुधवारी संध्याकाळी मुंबई तुंबली, गुरुवारी शाळा बंद होत्या. गाडी जिन्याखाली होती तरी वाऱ्याने पाणी आत आलं. आज डावा अजिबात लागत नाही.

हँडलवरचा डावा स्विचबॉक्स उघडला. उघडण्याआधी खाली जुनी पांढरी उशीची खोळ अंथरली, कारण आतल्या सरकपट्टीखाली मोहरीएवढी पोलादी गोळी आणि तिच्याखाली स्प्रिंग असते. झाकण सुटलं की ती उडतेच. उडाली आणि खोळीच्या शिवणीत सापडली. रंगीत चादर असती तर गेलीच होती.

आत तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर. समुद्राची हवा आणि जुनं ग्रीस. आयसोप्रोपिल अल्कोहोल, टूथब्रश, मग खोडरबराने पट्ट्या घासल्या. सँडपेपर लावला नाही. वरचा मुलामा निघून गेला तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजतं. शेवटी व्हॅसलिनचा पातळ हात.

वायरचे रंग लिहून ठेवते, यामाहाची जुनी पद्धत: ब्राऊन म्हणजे चावीनंतरचा प्लस. ब्राऊनवर पांढरी पट्टी म्हणजे फ्लॅशरकडून स्विचला. चॉकलेटी डावीकडे, गडद हिरवी उजवीकडे, काळी अर्थ, म्हणजे मायनसकडे परतीची. ३५ वर्षांच्या धुळीत ब्राऊन आणि चॉकलेटी ओळखणं कठीण. बाबांनी दोन्हींचं टोक ओल्या फडक्याने पुसलं आणि क्षणात वेगळी केली. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी: टेलिफोन केबलचे रंग त्यांनी रस्त्यातल्या चेंबरमध्ये उतरून, बॅटरीच्या उजेडात, आयुष्यभर ओळखलेत.

स्विच बसवला. डावा पुन्हा मंद जळतो. म्हणजे मंगळवारच्या ठिकाणी परत आलो, पण आता स्विच स्वच्छ आहे हे माहीत आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद सविस्तर, कारण खरा दोष आज सापडला.

आतापर्यंत बाबांच्या ओळखीच्या दोघा मेकॅनिकांचं अर्थिंग बघून झालं होतं. पद्धत अशी: मीटर बीपवर ठेवायचा, एक टोक बल्बच्या होल्डरला, दुसरं बॅटरीच्या मायनसला, बीप वाजली की अर्थ ओके. मीही पहिल्या दिवशी हेच केलं होतं, आणि बीप वाजली होती. पण बहुतेक मीटरची बीप ३०-४० ओहमपर्यंतही वाजते. १० वॅटचा बल्ब जळत असताना स्वतःच जेमतेम १४ ओहम असतो. त्याच्या वाटेत ३ ओहम अडकले तर बल्बाचा जीव जातो आणि मीटर आनंदाने वाजत राहतो.

म्हणून आज करंट वाहत असताना व्होल्ट मोजले. डावा इंडिकेटर न लुकलुकता जळत राहतो हे मोजायला सोयीचंच. मीटर २० व्होल्टवर.

बॅटरीच्या दोन टोकांवर: ११.६
बॅटरी प्लस ते मागच्या डाव्या बल्बचं बूड: ०.९
त्याच बल्बची टोपी ते बॅटरी मायनस: २.२
बल्बला प्रत्यक्ष मिळालेले: ८.५

०.९ पैकी ०.५ एकट्या फ्यूज होल्डरमध्ये. त्याच्या पितळी चिमट्या सैल आणि काळ्या. हे समजण्यासारखं आहे. पण परतीच्या वाटेवर २.२? तिथे तर नुसतं लोखंड आहे.

फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १२ चा बल्ब ८.५ वर म्हणजे प्रकाश ३१ टक्के. भर दुपारी टेम्पोवाल्याला तो कसा दिसणार? त्याची चूक नव्हती. आणि करंटही कमी पडतो, त्यामुळे फ्लॅशरची कॉइल पुरेशी जोर धरत नाही. लुकलुक बंद होण्याचं कारण फ्लॅशरमध्ये नव्हतंच.

ब्रेकचं कोडंही इथेच सुटतं. मागचा दिवा आणि मागचा इंडिकेटर एकाच मडगार्डवरून परत जातात. तिथली वाट बंद झाली की ब्रेक लाइटचा करंट दुसरी वाट शोधतो: उलट्या दिशेने इंडिकेटरच्या फिलामेंटमधून, त्याच वायरवरून पुढच्या डाव्या बल्बमधून बाहेर. एक दिवा लावला आणि भलताच उजळला की मायनसकडे बघावं.

इंडिकेटरची दांडी सोडवली. नट, मग दातेरी वॉशर, मग मडगार्ड. वॉशरखाली जाड, गुळगुळीत काळा रंग. सुंदर रंग. २०१९ च्या नूतनीकरणाआधी बाबांनी हौसेने मडगार्ड रंगवून घेतलं होतं. पावडर कोटिंग, एकसारखं, बोल्टच्या भोकाच्या आतसुद्धा. वॉशरच्या दोन-तीन दातांनी तेवढा रंग कापला होता आणि पाच वर्षं सगळा करंट त्या टोकांवरून जात होता. टोकं गंजली.

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "रंगवल्यापासूनच डावा मंद झाला होता. मला वाटलं माझे डोळे."

मला त्या वाक्याचं फार वाईट वाटलं. पाच वर्षं माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो आणि दोष असतो वॉशरखाली.

रंग खरवडून पुन्हा तोच बोल्ट आवळणं एवढं पुरलं असतं, पण मडगार्डही पत्र्याचं, तेही रबराच्या बुशवर, पुढे पुन्हा गंजणार. म्हणून चारही इंडिकेटरना वेगळी काळी वायर, ०.७५ चौरस मिलिमीटर, थेट बॅटरीच्या मायनसवर. हिचा रोध मीटरमागे ०.०२५ ओहमच्या आसपास. दांडीच्या आतल्या टोकाला गोल लग, लग झाळलेला, वर स्लीव्ह. जोड सगळे बाबांनी केले. हात आता थोडे कापतात, पण वायर पिळताना कापत नाहीत. काम करता करता सांगत होते की एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्ट असतात आणि तिथे प्लस अर्थ असतो, मायनस नाही. जमिनीखाली ओल असते. तारेवर प्लस ठेवला तर गळती झाल्यावर तारेचं तांबंच विरघळून जातं. मायनस ठेवला की तार वाचते. मी डिप्लोमा केला, नोकरीत पंधरा वर्षं झाली, आणि हे मला आज जिन्याखाली कळलं.

नंतरचं मोजमाप, फ्यूजच्या चिमट्या घासून: प्लसकडे ०.३५, अर्थकडे ०.०५, बल्बला ११.२. प्रकाश जवळपास ८० टक्के, सकाळच्या अडीचपट. आणि डावा लुकलुकायला लागला. मिनिटाला ७९.

३० सप्टेंबर, सोमवार

एलईडी बसवून पाहिले, फक्त मागे-पुढे डाव्या बाजूला. फ्लॅशर हललाच नाही. दोन वॅटच्या बल्बाला तेवढा करंटच लागत नाही. मग उजवीकडेही ऑफिसातली जोडी घालून, टेबलावरच्या फ्लॅशरने करून पाहिलं: डावा दिला तर चारही लुकलुकतात.

कारण मीटरवरचा एकुलता हिरवा दिवा. तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो. डावा दिला की करंट त्या दिव्यातून उजव्या बल्बांच्या थंड फिलामेंटमधून अर्थला जातो. तेवढ्याशा करंटने उजवे बल्ब लागत नाहीत, फक्त हिरवा दिवा लागतो. उजवीकडे एलईडी असले की त्यांना तेवढाही पुरतो. उपाय ठरलेला आहे: हिरव्या दिव्याचं एक टोक अर्थला, दुसऱ्या टोकाला १एन४००७ चे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), एक डावीकडून, एक उजवीकडून.

डायोड घेतले होते, पण एलईडी काढून ठेवले. ज्या गाडीचा प्रत्येक भाग बल्बाचा करंट धरून आखलाय तिथे एक एलईडी घातला की फ्लॅशर बदला, दिव्याची जोडणी बदला, हे थांबत नाही. ११.२ व्होल्ट मिळणारा साधा बल्ब पुरेसा उजेड देतो. भारतमाताच्या सिग्नलला मागची गाडी असते तेवढ्या अंतरावरून, आईला गॅलरीत उभं करून खात्री केली. डायोड डबीत.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी. सलग चालवून पाहायचं ठरवलं: बॅटरीला चार्जर लावून अर्धा तास डावा, अर्धा तास उजवा.

अकराव्या मिनिटाला टिकटिक थांबली आणि दिवे जळत राहिले. डबीवर टिचकी मारली, पुन्हा सुरू. चार मिनिटांनी पुन्हा. भिंगातून पाहिलं तर कॉन्टॅक्टवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला तेवढाच उंचवटा. चांदी एकीकडून दुसरीकडे गेलीय. ते एकमेकांत अडकून चिकटतात. २१ वॅटच्या बल्बाने केलेलं नुकसान हे.

घासून सपाट करता येतं, केलंही, पण मुलाम्याची चांदी आता कागदासारखी उरलीय. यावर बाबांनी रस्त्यावर विसंबावं असं मला वाटत नाही. जुना फ्लॅशर प्लास्टिकच्या पिशवीत, आजची तारीख लिहून, कपाटात.

बाजारात पन्नास-शंभर रुपयांत नवा मिळतो. दोन आणून पाहिले होते मागे. एकाचा वेग १२५, दुसरा थंड असताना ठीक आणि तापल्यावर मंद. मीच बनवते.

५ ऑक्टोबर, शनिवार

झिरो पीसीबीवर (भोकांच्या साध्या सर्किट-पट्टीवर) ५५५, म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद होणारी टायमर आयसी. रोध ४.७ के आणि ४७ के, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. १.४४ भागिले (४.७ अधिक दोनदा ४७) के गुणिले १० मायक्रो: १.४६ हर्ट्झ, मिनिटाला ८८. प्रत्यक्षात ८१. इलेक्ट्रोलिटिकमध्ये २० टक्के इकडेतिकडे धरावेच लागतात, आणि ८१ मला जास्त आवडला. ५२ टक्के वेळ चालू, ४८ टक्के बंद.

दिवे चालवायला आयआरएफ४९०५, पी-चॅनल मॉसफेट (हलत्या कॉन्टॅक्टशिवायचा इलेक्ट्रॉनिक स्विच), प्लसच्या बाजूला. चालू असताना रोध ०.०२ ओहम, दोन अँपिअरला ०.०४ व्होल्ट पडतात. हात लावला तर गरमही नाही. ५५५ थेट गेटला, म्हणजे मॉसफेटला चालू-बंद करणाऱ्या टोकाला, जोडायचा मोह टाळावा. साध्या ५५५ चं आउटपुट 'वर' असतानाही सप्लायपेक्षा दीड व्होल्ट खाली राहतं, मॉसफेट पूर्ण बंद होईल याची खात्री नाही. मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर, गेटला १० के ने प्लसकडे ओढलेलं.

जुन्या फ्लॅशरला दोनच टोकं होती, याला तिसरी वायर लागते, अर्थची. रविवारी नवीन काळी वायर टाकलेलीच आहे, तिच्यातूनच घेतली.

टेबलावर उत्तम. गाडीवर इंजिन सुरू केलं आणि रेस वाढवली की लुकलुक वेडीवाकडी. तासभर गेला. ५ नंबरची पिन मी मोकळी सोडली होती. तिला ०.०१ मायक्रोफॅरड, सप्लायला १०० ओहम, १०० मायक्रोफॅरड आणि १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज त्यावर चढू न देणारा डायोड). ५५५ ला १६ व्होल्टच्या वर देऊ नये, आणि जुन्या गाडीचं चार्जिंग कधी उसळेल सांगता येत नाही. आता रेस कितीही करा, ८१.

सगळं जुन्यासारख्याच आकाराच्या ॲल्युमिनियमच्या डबीत बसवलं. मूळ रबरी कडीत ती घट्ट बसते.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बाबा पुढे, मी मागे. लालबागहून भायखळ्यापर्यंत आणि परत. दिवे झकास. पण निघताना दिलेला उजवा इंडिकेटर बाबांनी बंद केला नाही. चिंचपोकळीपर्यंत मी काही बोलले नाही, मला पाहायचं होतं. एक बसवाला आम्ही वळणार म्हणून मागे थांबून राहिला, मग हॉर्न दिला. मी खांद्यावर हात ठेवून सांगितलं तेव्हा बाबांनी बंद केला.

घरी आल्यावर म्हणाले, "अगं, आवाजच नाही."

मॉसफेटला आवाज नसतो. जुना फ्लॅशर टिकटिक करायचा, आणि बाबा ३५ वर्षं हिरव्या दिव्याकडे पाहून नव्हे, त्या आवाजावर इंडिकेटर बंद करत आलेत. उन्हात तो हिरवा दिवा दिसतही नाही. यामाहाच्या मोठ्या गाड्यांत त्या काळी आपोआप बंद होणारे इंडिकेटर होते: १० सेकंद किंवा १५० मीटर, यातलं जे जास्त असेल त्यानंतर. त्यासाठी स्पीडोमीटरमध्ये वेगळा स्विच असायचा. आमच्या गाडीत तो नाही. आमच्या गाडीत टिकटिक होती आणि ती मी काढून टाकली.

भर रहदारीत चालू राहिलेला इंडिकेटर न लागलेल्यापेक्षाही वाईट. तो समोरच्याला खोटं सांगतो.

९ ऑक्टोबर, बुधवार

पहिला विचार: मॉसफेटच्या जागी १२ व्होल्टचा छोटा रिले (कॉइलने हलणारा स्विच). पण हिशेब केला. अशा रिलेचं पूर्ण भारावर आयुष्य साधारण १ लाख वेळा धरतात. मिनिटाला ८१ ने म्हणजे २० तासांची लुकलुक. आमचा भार बराच कमी आहे, त्यामुळे जास्त टिकेल, पण कॉन्टॅक्ट पुन्हा जळणारच. बिनभाराचा रिले मात्र १ कोटी वेळा हलतो, म्हणजे दोन हजार तास.

म्हणून दिवे मॉसफेटवरच, आणि रिले फक्त आवाजासाठी. कॉन्टॅक्टला काहीच जोडलेलं नाही. कॉइल ४०० ओहमची, ३० मिलिअँपिअर घेते.

पहिल्या जोडणीत चूक झाली. कॉइल मॉसफेटच्या आउटपुटला लावली, तर चावी फिरवताच टिकटिक सुरू, इंडिकेटर दिलेला नसतानाही. साहजिक आहे, ५५५ सतत चालतो, फक्त पुढे दिवे जोडलेले नसतात. कॉइल स्विचच्या पलीकडे हवी. तिथे दोन वायर, चॉकलेटी आणि हिरवी. डबीत ठेवलेले ते दोन डायोड आठवले. दोन्ही वायरमधून एकेक डायोड, दोन्ही एकत्र कॉइलला, कॉइलवर उलटा तिसरा. डावा द्या किंवा उजवा, टिकटिक. बंद केला की गप्प.

राहिलेली एक उणीव लिहून ठेवते. ५५५ सतत चालू असल्यामुळे स्विच दाबल्यावर दिवा कधी लगेच लागतो, कधी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने. जुना फ्लॅशर दर वेळी एकाच पद्धतीने सुरू व्हायचा. चालण्यासारखं आहे, पण मला खटकतं.

आवाज मात्र बारीक आला. रिले रबरात गुंडाळलेला होता. तो डबीतून काढून टाकीखालच्या पत्र्याच्या पट्टीला थेट स्क्रूने बसवला. पट्टी आवाज धरते. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "सुरू झाली का गाडी?" इंजिन बंद होतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. गाडी धुतली, हळदीकुंकू, झेंडूचा हार. हार पुढच्या डाव्या इंडिकेटरवर येत होता, बाबांनी तो हेडलाइटच्या मागून फिरवून घेतला.

आज परळपर्यंत जाऊन परत. भारतमाताला डावीकडे वळताना मी मुद्दाम मागे बसले नव्हते. फुटपाथवर उभी राहून बघत होते. मागची टॅक्सी बरीच आधी हळू झाली. वळण पूर्ण झाल्यावर चौथ्या लुकलुकीला दिवा बंद झाला.

बॅटरी परत आल्यावर १२.६. टिकटिक पाऊण तास, एकही चुकली नाही.

उरलेलं: उजव्या मागची फुगलेली काच (चोर बाजारात मूळ मिळते का बघायचं, नवी नको), फ्यूज होल्डर अजून जुनाच आहे, आणि मागच्या ब्रेकच्या स्विचची स्प्रिंग ताणलीय, पेडल अर्धं दाबल्यावर दिवा लागतो. ती पुढच्या रविवारी.